झिजायचे कोणी?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे घरातली वडीलधारी बाई मुलांच्या अंगाला आधी तेल चोळते आणि मग उटणे लावते. ह्या साध्या क्रमात एक अख्खे शास्त्र दडलेले आहे, असे कोणी म्हटले तर थंडीत कुडकुडणारी मुले ते ऐकून घ्यायला मुळीच तयार होणार नाहीत. पण गोष्ट खरी आहे. तेलाने हात सरकतो. उटण्याने तोच हात अडखळतो. तेल घर्षण कमी करते, उटणे ते वाढवते आणि त्याबरोबर मळही झिजवून नेते. मळ निघावा, पण कातडी सोलली जाऊ नये, एवढा हिशेब त्या बाईच्या तळहाताला न शिकता येत असतो.

यंत्रांच्या दुनियेत हाच हिशेब मांडायला माणसाला काही शतके लागली, आणि तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

आपल्या मराठीने झिजण्याला फार मान दिला आहे. कोणी चंदनासारखा झिजतो, कोणाची हाडे संसारात झिजतात, तर कोणी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. ह्या शेवटच्या वाक्प्रचारात एक गंमत आहे. कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल असते. मग झिजते काय, उंबरठा की चप्पल? भाषा म्हणते उंबरठा. खिसा सांगतो चप्पल. खरे उत्तर असे की दोन्ही झिजतात. पण मऊ असते ते आधी झिजते, आणि चप्पल बदलणे उंबरठा बदलण्यापेक्षा स्वस्त असते. घर्षण आणि झीज ह्यांचे सारे शास्त्र ह्या उंबरठ्यावरच उभे आहे, असे म्हणायला हरकत नाही. दोन वस्तू एकमेकींवर घासणार हे टळत नाही. त्यांतील कोणी झिजायचे, एवढेच आपल्याला ठरवता येते.

अष्टागरातली कुरकुर

रायगडाचा किनारा, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याची समुद्राकडची पट्टी, ह्या विषयाची जुनी शाळा आहे. अलिबागच्या आसपासच्या थळ, किहीम, नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा ह्या गावांच्या मुलखाला अष्टागर म्हणतात. तिथल्या नारळी-पोफळींच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या रहाटाच्या पाण्यावर वाढल्या. बैल किंवा रेडा गोल फिरे, आडवे चाक उभ्या चाकाला फिरवी आणि गाडग्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर येई. आता बहुतेक ठिकाणी विजेचा पंप बसला आहे. पण ज्यांनी रहाट ऐकला आहे त्यांच्या कानांतून त्याची कुरकुर गेलेली नाही. ती कुरकुर चालू आहे तोवर रहाट चालू आहे, हे ओटीवर बसलेल्या माणसालाही कळत असे.

ही कुरकुर येते कुठून? लाकडी आस लाकडाच्या खाचेत कोरडाच फिरत असला म्हणजे तो अखंड सरकत नाही. क्षणभर चिकटतो, ताण वाढला की सुटून झटकन पुढे सरकतो, आणि पुन्हा चिकटतो. हे चिकटणे-सुटणे सेकंदात कित्येक वेळा घडते; त्याने लाकूड थरथरते आणि ती थरथर आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. दाराची बिजागरी करकरते ती ह्याच कारणाने. आणि सारंगीची तार गाते तीही ह्याच कारणाने. सारंगिया गजाला राळ लावतो, ती तार नीट चिकटावी आणि नीट सुटावी म्हणूनच. बिजागरीला आपण तेल देतो आणि गजाला राळ. एकाच घर्षणाला एके ठिकाणी गप्प करायचे असते, दुसऱ्या ठिकाणी बोलते करायचे असते.

फणसावर फणस

घर्षणाचे नियम आज शाळेतल्या पुस्तकात चार ओळींत येतात. पण ते हाती लागायला बराच काळ गेला. लिओनार्दो दा विंची ह्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत ते टिपून ठेवले. लाकडी ठोकळा आडवा ठेवून ओढला काय किंवा उभा ठेवून ओढला काय, लागणारा जोर सारखाच असतो, आणि वजन दुप्पट केले की जोरही दुप्पट लागतो, हे त्याने पाहिले होते. त्या वह्या लोकांपुढे आल्या नाहीत. १६९९ साली पॅरिसमध्ये आमाँताँ ह्याने तेच नियम पुन्हा शोधून मांडले, आणि पुढे अठराव्या शतकात कुलोंब ह्याने त्यांची बारकाईने पारख केली.

पण ठोकळा कसाही ठेवला तरी जोर सारखाच का लागावा? ह्याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकात मिळाले, आणि ते समजून घ्यायला कोकणातला फणस पुरेसा आहे. एक फणस दुसऱ्यावर ठेवा. लांबून पाहणाऱ्याला ते एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात; जवळ जाऊन पाहावे तर काही काट्यांची टोके तेवढी टेकलेली असतात. आरशासारखे घासूनपुसून गुळगुळीत केलेले पोलादही सूक्ष्मदर्शकाखाली असेच दिसते. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की त्यांतली निवडक टोकेच भिडतात आणि सारा भार त्यांच्यावर पडतो. त्या भाराने टोके चेपतात, काही जागी एकमेकांत रुतून जोडली जातात, आणि वस्तू ओढली की तुटतात. हे तुटायला जो जोर लागतो ते घर्षण. तुटताना जो कण सुटतो ती झीज. केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर ह्या जोडीने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे चित्र ठसठशीतपणे उभे केले. वजन वाढवले की अधिक टोके टेकतात. ठोकळा उभा की आडवा ह्याला महत्त्व राहत नाही, ते ह्यामुळेच.

१९५३ साली आर्चर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने झिजेचाही एक सुटसुटीत नियम दिला. भार जितका जास्त आणि सरकण्याचे अंतर जितके मोठे, तितकी झीज जास्त. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी ती कमी. आपली चप्पल हा नियम तंतोतंत पाळते.

ह्या विषयाचे महत्त्व सरकारी खजिन्याच्या भाषेत सांगायला मात्र १९६६ साल उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वर्षी अहवाल दिला, की घर्षण, झीज आणि वंगण ह्यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. 'घासणे' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ट्रायबॉलॉजी' हे नावही त्याच अहवालाने रूढ केले. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमीर ह्या दोघा संशोधकांनी साऱ्या जगाचा अंदाज बांधला, तेव्हा माणूस वापरतो त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा केवळ घर्षणावर मात करण्यात खर्च होते असे दिसले. म्हणजे आपण पाच रुपयांचे पेट्रोल, कोळसा, वीज जाळतो तेव्हा त्यातला एक रुपया नुसत्या घासाघाशीवर जातो.

राख मोकळी, राख बांधलेली

घर्षण आणि झीज ही जुळी भावंडे वाटतात. पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ते ओळखायला आपण पुन्हा किनाऱ्यावर, आणि तेही स्वयंपाकघरातच जाऊ.

हा जिल्हा भाताचा. भात भरडले की तूस निघते. तुसाची राख आणि नारळाचा काथ्या ह्यांनी पितळेची भांडी लख्ख होत, हे घरोघरी ठाऊक होते. ह्याचे कारण असे की भाताचे रोप जमिनीतली सिलिका शोषून तुसात साठवते; तूस चांगले जळले की मागे राहणारी राख बहुतांशी सिलिकाच असते. म्हणजे ती समुद्रावरच्या पांढऱ्या वाळूची जवळची नातलग झाली. मोकळी राख पितळेवर घासली की तिचे बारीक कण काळा थर खरवडून काढतात, आणि त्याबरोबर थोडे पितळही नेतात. आजीच्या पातेल्याचा तळ पातळ होतो तो विस्तवाने नव्हे, ह्या घासण्याने.

वाळूचेही तसेच. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या उथळ पाण्यातून जातात. प्रवाशाला ती मौज वाटते. पण गाडीच्या आसाला ती परीक्षा असते. खारे पाणी वंगण धुऊन नेते, मागे वाळूचे कण ठेवून जाते. मग गंज चढतो, आणि वाळू तो गंज खरवडून खालचे नवे लोखंड पुन्हा खाऱ्या हवेपुढे उघडे करते. गंज आणि घासणे ही दोन दुखणी स्वतंत्रपणे जेवढे बिघडवतील, त्याहून जास्त ती एकत्र येऊन बिघडवतात. किनाऱ्यावरच्या कोणत्याही सायकलवाल्याला हे सांगावे लागत नाही.

आता ह्याच कठीण कणांचे दुसरे रूप पाहा. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे किंवा तुसाच्या राखेचे कण मिसळून ते नीट ढवळले आणि थंड केले, की नवाच पदार्थ तयार होतो. त्यातले अॅल्युमिनियम हलके आणि मऊ असते. पण ठायीठायी बसलेले कठीण कण भार आपल्या अंगावर घेतात आणि मऊ धातूला झिजू देत नाहीत. अशा मिश्रणांना संमिश्र पदार्थ म्हणतात. शेणामातीच्या भिंतीत गवताचे तूस मिसळणारा कोकणातला माणूस ही युक्ती आधीपासून जाणत होता. फरक इतकाच, की आता भट्टी, तराजू आणि गणित आले आहे. राख मोकळी असली तर भांडे झिजवते. बांधली गेली तर तेच वाचवते.

ह्या संमिश्रांची परीक्षा कशी घेतात, हेही पाहण्यासारखे आहे. ह्याच जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले. अशा अभियांत्रिकी शिक्षणाच्या ठिकाणी जी परीक्षा शिकवतात तिचे यंत्र दिसायला ग्रामोफोनसारखे असते. कठीण पोलादाची तबकडी फिरत असते. तिच्यावर ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायची त्याचा बोटाच्या पेराएवढा गोल तुकडा ठरावीक वजनाने दाबून धरतात. तेल नाही, पाणी नाही, कोरडे घर्षण. तुकडा तबकडीवर किलोमीटर-दोन किलोमीटर 'चालवला', की त्याचे वजन करतात. घट मिलिग्रॅममध्ये मोजायची, म्हणून तराजू सोनाराच्या काट्याहून कितीतरी नाजूक लागतो.

ह्या परीक्षेत दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली अशी, की झीज नेहमी शहाण्यासारखी वाढत नाही. हवेतल्या प्राणवायूमुळे धातूवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो त्याला सांभाळतो. भार किंवा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हा थर टिकत नाही. मग धातू धातूला उघडाच भिडतो आणि झीज एकदम पुष्कळ पटींनी भडकते. काल ठीक चाललेले यंत्र आज अचानक खाऊ लागते ते असे. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी आहे. संमिश्र तुकड्याची झीज कमी झाली, म्हणून विद्यार्थी खूश होतो. पण तबकडी तपासावी तर तिच्यावर चरे पडलेले असतात! कठीण कणांनी आपल्याला वाचवले आणि समोरच्याला ओरबाडले. कण नीट बांधले गेले नसतील तर ते उपटून निघतात, मोकळे होतात, आणि मग दोघांनाही खातात. एकाची झीज कमी केल्याचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी दुसऱ्याची चौकशी करावी, असा हा धडा आहे. तो यंत्रांपुरताच आहे असे नाही.

निसरडा, पण नाजूक

संमिश्र पदार्थात बचावाची व्यवस्था सगळ्या अंगभर असते. दुसरी तऱ्हा आहे ती नुसते चिलखत चढवण्याची, म्हणजे पृष्ठभागावर वेगळ्या पदार्थाचा थर देण्याची. असे चिलखत आज बहुतेक घरांत तव्याच्या रूपाने आलेले आहे.

१९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट हा रसायनज्ञ एका वायूवर काम करत असता नळकांड्यातला वायू येईना म्हणून त्याने ते कापून पाहिले, तर आत पांढरी भुकटी सापडली. तीच पुढे टेफ्लॉन ह्या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ साली मार्क ग्रेगॉयर ह्या फ्रेंच अभियंत्याने ती अॅल्युमिनियमवर बसवली आणि न चिकटणारा तवा जन्माला आला. टेफ्लॉनवर घर्षण किती कमी? एक किलो वजनाची कोरडी पोलादी वस्तू पोलादावरून ओढायला साधारण ६०० ग्रॅमचा जोर लागतो असे धरले, तर टेफ्लॉनवरून १०० ग्रॅमहूनही कमी पुरतो.

इतका निसरडा पदार्थ झिजतही नसेल, असे कोणालाही वाटेल. पण नेमके उलट आहे. निव्वळ टेफ्लॉन मऊ असते. त्याचे पापुद्रे भराभर सुटतात. घर्षण कमी आणि झीज मात्र भरपूर! म्हणून यंत्रांच्या बेअरिंगमध्ये ते एकटे वापरत नाहीत. त्यात काचतंतू, ग्राफाइट किंवा ब्राँझची पूड मिसळली की घर्षण जवळजवळ तेवढेच राहते, पण झीज शंभर पटींनी, कधी त्याहूनही कमी होते. तव्यावरचा थर तर केसाच्या जाडीच्या निम्म्याइतकाच असतो. त्यावर लोखंडी उलथने चालवणे म्हणजे चिलखतावर कुऱ्हाड घालणे होय. लाकडी उलथने घेतले की झिजण्याची पाळी उलथन्यावर येते, आणि ते स्वस्त असते. तवा रिकामाच मोठ्या आचेवर ठेवू नये हेही गृहिणींनी ध्यानात ठेवावे. २६० अंश सेल्सियसच्या पुढे हा थर बिघडू लागतो.

काळसर रंगाची 'हार्ड अॅनोडाइज्ड' कढई ही वेगळी गोष्ट. तिच्यावर बाहेरून काही लावलेले नसते. विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे कठीण ऑक्साइड बनवलेले असते. हार्डवेअरच्या दुकानातला सोनेरी ड्रिल ही तिसरी तऱ्हा. तो रंग सोन्याचा नव्हे, टायटॅनियम नायट्राइडचा. हा थर दोन-चार मायक्रॉनच जाड असतो, पण पाणी दिलेल्या पोलादाच्या दुपटीहून अधिक कठीण असतो.

मग सगळीकडे अतिकठीण थर चढवला की काम झाले? तसेही नाही. मऊ खिचडीवर पापड ठेवून बोटाने दाबा. पापड कितीही कडक असला तरी मोडतो, कारण त्याच्याखाली आधार नाही. मऊ धातूवरच्या कठीण थराचे तेच होते. थर तडकतो, त्याचे तुकडे मोकळे होतात आणि वाळूप्रमाणे घासू लागतात. चिलखताइतकेच चिलखताखालचे अंग भक्कम पाहिजे.

घाट उतरताना

आतापर्यंत आपण झीज टाळण्याच्या गोष्टी केल्या. पण एक जागा अशी आहे, की तिथे घर्षण पुरेसे न मिळणे म्हणजे प्राणाशी गाठ. ती जागा म्हणजे ब्रेक.

रायगड जिल्ह्याची पश्चिम बाजू समुद्राला आणि पूर्व बाजू सह्याद्रीला टेकलेली आहे. किनाऱ्याकडे येणारा देशावरचा माल घाट उतरूनच येतो. समजा, १६ टनांची मालमोटार ३०० मीटर उंची उतरली. उतरताना तिचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर तेवढ्या उंचीची सारी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जिरली पाहिजे. हिशेब केला तर ही उष्णता १६० लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. चालकाने नुसता ब्रेक दाबून धरला, तर हा सगळा बंब चाकांतल्या मूठभर अस्तराला पेलावा लागतो.

हे अस्तरही संमिश्र पदार्थाचेच असते. १८९७ साली हर्बर्ट फ्रूड ह्या इंग्रज गृहस्थाने डर्बीशरच्या चढउतारांवरच्या घोडागाड्यांसाठी सुधारलेले ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. आजच्या अस्तरांचा वंश तिथवर जातो. आजच्या अस्तरात तंतू, धातूची पूड, ग्राफाइट आणि इतर अनेक जिन्नस रेझिनने एकत्र बांधलेले असतात. ग्राफाइट घसरते ठेवते, कठीण कण अडखळवतात. म्हणजे तेल आणि उटणे एकाच ठोकळ्यात! परंतु अस्तर तापून ३०० अंशांच्या पुढे गेले की रेझिन जळू लागते, त्यातून वायू सुटतो, आणि पकड एकाएकी ढिली पडते. पाय ब्रेकवर असतो, ब्रेक जागेवर असतो, आणि गाडी मात्र थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम ह्याकरिताच मोलाचा आहे. मग ओझ्याचा मोठा वाटा इंजिन उचलते आणि अस्तर निवांत राहते. सुटीत कुटुंब घेऊन किनाऱ्याकडे निघणाऱ्यांनीही हा नियम पाळावा.

आगगाडीतही हाच प्रश्न पूर्वीपासून होता. चाकावर दाबला जाणारा ठोकळा बिडाचा असे. डग्लस गाल्टन ह्याने १८७८ साली इंग्लंडमध्ये धावत्या गाडीवर प्रयोग करून दाखवले, की गाडीचा वेग जास्त असताना बिडाची पकड कमी असते आणि वेग कमी झाला की ती वाढते. म्हणजे गरज सर्वांत मोठी तेव्हाच पकड लहान! संमिश्र ठोकळ्यांची पकड वेगाप्रमाणे इतकी बदलत नाही. ते वजनाला हलके असतात. बिडासारखे चाकाला खरबरीत करत नाहीत, म्हणून गाडीचा आवाजही कमी होतो. आपल्या रेल्वेनेही बिडाऐवजी त्यांचा स्वीकार केला. पण इथेही फुकट काही मिळत नाही. बीड उष्णता वाहून नेते; संमिश्र ठोकळा ती अडवतो आणि चाकाकडे ढकलतो. ठोकळा वाचला, तर चाक तापते. आणि बदलायला ठोकळा स्वस्त, चाक महाग. म्हणून ठोकळ्याचा कस असा ठेवावा लागतो, की झिजायची पाळी त्याच्यावरच यावी आणि चाकाला धक्का लागू नये.

ह्याच जिल्ह्यातल्या रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ साली ती पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि १९९९ साली कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेणारी गाडी सुरू झाली. अवघड मुलखातून जात असूनही ह्या मार्गाचा चढ सामान्यतः १५० मीटरला एक मीटर एवढाच ठेवला आहे. ट्रक वाघिणीवर उभा राहून गोव्याला जातो तेव्हा डिझेल वाचते, हे सर्वांना दिसते. न झिजलेले टायर, न तापलेले अस्तर आणि न थकलेला चालक, ही बचत सहसा कोणी मोजत नाही.

झिजलेले जाते कुठे?

ठोकळ्याने झिजायचे, चाकाने नाही, असे ठरले. पण एक प्रश्न उरतो. ठोकळा झिजला म्हणजे तो गेला कुठे?

जाते दळताना आपल्या आजीला हा प्रश्न पडलेला होता. जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागे. आणि टाकी लावल्यावरचे पहिले दळण खाण्यात घेत नसत, कारण त्यात दगडाची कच येई. दगड झिजतो तो पिठात जातो, आणि पीठ पोटात जाते, हे तिला कळत होते. ब्रेकच्या बाबतीत मात्र शहाण्या जगाने हे कळून घ्यायला फार उशीर केला. अस्तर उष्णतेला टिकावे म्हणून कित्येक दशके त्यात अॅस्बेस्टॉस घालत. उत्कृष्ट पदार्थ, जळत नाही, सहज झिजत नाही. पण जेवढा झिजे तेवढा अतिसूक्ष्म तंतूंच्या धुळीत मिसळे, आणि ती धूळ कारखान्यातल्या कामगारांच्या आणि ब्रेक झटकून साफ करणाऱ्या मेकॅनिकांच्या फुप्फुसांत बसे. रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागत. तोवर माणूस निवृत्त झालेला असे, आणि दोष कोणाला द्यावा ते कळत नसे. पुढे अनेक देशांनी ब्रेकमधून अॅस्बेस्टॉस हद्दपार केला. त्याच्या जागी आलेल्या जिन्नसांत तांब्याची पूड होती. ती रस्त्यावर पडते, पावसाने नाल्यात, नाल्यातून खाडीत जाते, आणि तांबे माशांना अपायकारक असते. म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली ब्रेकमधल्या तांब्यावरही मर्यादा घालणारा कायदा केला. खाडीच्या काठी राहणाऱ्या आणि मासळीवर जगणाऱ्या मुलखाने हा कायदा ध्यानात ठेवावा असा आहे.

घर्षण नाहीसे करता येत नाही, आणि तसे करणे परवडणारही नाही; घर्षण नसेल तर पाऊल उचलता येणार नाही, गाठ बसणार नाही, भिंतीत खिळा राहणार नाही. माणसाच्या हाती आहे ती निवड. घासणाऱ्या दोघांपैकी स्वस्त, बदलता येण्याजोगा आणि निरुपद्रवी असेल त्याने झिजावे, ही ती निवड. यंत्रशाळेत ती हुशारीने केली जाते. कोणता धातू झिजावा ह्याचा निर्णय मायक्रॉनपर्यंत मोजून घेतात. तेवढ्याच बारकाईने ठोकळा झटकणाऱ्या मेकॅनिकच्या श्वासाचाही हिशेब झाला पाहिजे, कारण त्या सगळ्या यंत्रात बदलता न येणारा भाग तेवढा एकच आहे.